अब्रुनुकसानीची नोटीस आली, आता पुढे? लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपण छापलेल्या मजकुरावरून ‘माझी बदनामी झाली’ असं म्हणत कुणी वकिलाकरवी पत्र पाठवलं, की पहिले दोन दिवस माणूस सैरभैर होतो. एका लहान नियतकालिकाचं संपादन करत असताना मला अशा दोन नोटिसा आल्या. एकीत चूक माझी होती, दुसरीत नव्हती. त्यानंतर अनेक लिहिणारे आपापली नोटीस घेऊन माझ्याकडे आले आणि बहुतेकांनी पुढचेच प्रश्न विचारले. कायदा देशोदेशी बदलतो. जिथे फरक मोठा आहे तिथे तो सांगितला आहे. तुमच्या प्रकरणातला शेवटचा सल्ला मात्र तुमची कागदपत्रं पाहिलेल्या वकिलाचाच घ्या.

नोटीस हातात पडली. सगळ्यात आधी काय करू?

पाठवणाऱ्याला फोन करू नका. रागाने नको आणि गयावया करायलाही नको. त्या फोनवर बोललेलं पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं, आणि त्या मनःस्थितीत कुणीच धड बोलत नाही.

नोटीस कोणत्या तारखेला, कशी मिळाली ते लिहून ठेवा. पाकीट फेकू नका. मग छापलेला मजकूर आहे त्या अवस्थेत जपून ठेवा: अंक, त्या दिवशीची पडद्यावरची प्रत, मथळा, छायाचित्र, छायाचित्राखालची ओळ, सगळं. त्याच्या मागचा ऐवजही एका ठिकाणी गोळा करा. टिपणवही, ध्वनिमुद्रण, पत्रव्यवहार, संपादकाने कच्च्या खर्ड्यावर केलेल्या दुरुस्त्या. यातलं काहीही नष्ट करू नका, अगदी तुमच्या विरोधात जाणारा कागदसुद्धा. मजकुरातली चूक न्यायालय समजून घेऊ शकतं. पुरावा फाडल्याचं लक्षात आलं तर तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास उरत नाही.

आणि नोटिशीत उत्तरासाठी दिलेली मुदत दिनदर्शिकेवर मांडा. ती बहुतेक वेळा वकिलाने स्वतःच ठरवलेली असते, कायद्याने नव्हे; तरी ती न पाळल्यास दावा लगेच दाखल होण्याची शक्यता वाढते. वेळ कमी पडत असेल तर ‘नोटीस मिळाली, तपासून अमुक तारखेपर्यंत उत्तर देतो’ एवढं दोन ओळींचं पत्र पाठवावं.

नोटीस वाचताना काही कळत नाही. तिच्यात नेमकं काय शोधायचं?

‘माझे अशील समाजातील अत्यंत प्रतिष्ठित व्यक्ती असून’ इथून सुरू होणारे परिच्छेद सोडून द्या. पेन्सिल घेऊन चारच गोष्टींवर खूण करा. तक्रार कुणाची आहे? कोणत्या शब्दांवर आहे? त्या शब्दांचा कोणता अर्थ निघतो असं त्यांचं म्हणणं आहे? आणि त्यांना काय हवं आहे: माफी, खुलासा, मजकूर मागे घेणं, की पैसे?

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची, आणि तिथेच पुष्कळ नोटिसा लंगड्या पडतात. तुम्ही लिहिलेलं असतं ‘चौकशी सुरू आहे’ आणि नोटीस म्हणते ‘माझ्या अशिलास चोर ठरवले’. सामान्य समजुतीच्या वाचकाला त्या मजकुरातून काय कळेल, हे न्यायालय पाहतं. तक्रारदाराला काय लागलं किंवा तुम्हाला मनातून काय म्हणायचं होतं, यावर अर्थ ठरत नाही. म्हणून तो उतारा या विषयाशी संबंध नसलेल्या दोन माणसांना वाचायला द्या आणि विचारा, ‘यातून तुला काय कळलं?’ उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

नोटिशीत कोणते शब्द आक्षेपार्ह हेच सांगितलं नसेल, तर पहिल्या उत्तरात तेवढंच विचारा.

अब्रुनुकसानी म्हणजे नक्की काय? टीका केली की अब्रुनुकसानी होते का?

नाही. ओळखू येणाऱ्या व्यक्तीबद्दल, तिसऱ्या कुणापर्यंत पोहोचेल असं, लोकांच्या नजरेत तिची किंमत उतरवणारं विधान करणं, हा त्याचा गाभा. नुसतं मन दुखावणं पुरेसं नाही. इंग्लंड आणि वेल्सने तर २०१३ च्या कायद्यात अशी अट घातली की प्रतिष्ठेला गंभीर हानी झाली असली किंवा होण्याची शक्यता असली तरच दावा चालेल. व्यापारी संस्था असेल तर गंभीर आर्थिक तोटा दाखवावा लागेल.

मी नाव घेतलंच नव्हतं.

नाव न घेता माणूस ओळखू आला, तर नाव घेतल्यासारखंच आहे. ‘एका महाविद्यालयाचे नुकतेच निवृत्त झालेले, संस्कृत शिकवणारे प्राचार्य’ असं लिहिलं तर गावाला नाव कळायला किती वेळ लागणार?

याची उलट बाजूही आहे. इंग्लंडमधल्या एका वृत्तपत्राने १९०८ मध्ये एका मोटारस्पर्धेच्या गमतीदार वर्णनात ‘आर्टेमस जोन्स’ नावाचं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काल्पनिक, पात्र रंगवलं आणि ते परक्या बाईसोबत फिरत असल्याचं लिहिलं. त्या नावाचे खरेखुरे बॅरिस्टर निघाले. ओळखीच्या लोकांना मजकूर त्यांच्याबद्दलच वाटला आणि ज्यूरीने त्यांना १,७५० पौंड भरपाई दिली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, जाऊनही तो निकाल टिकला. विक्षिप्त नाव योजलं म्हणजे आपण सुरक्षित, असं धरून चालू नका.

मी ‘असं म्हणतात’ आणि ‘कथित’ लिहिलं होतं. ते पुरत नाही का?

हा समज इतका पक्का रुजला आहे की मला दर वेळी तो खोडून काढावा लागतो. ‘अमुक माणूस लाच घेतो असं लोक म्हणतात’ या वाक्याबद्दल तुम्हाला ‘लोक तसं म्हणतात’ एवढं सिद्ध करून भागत नाही. लाच घेतली होती, हेच सिद्ध करावं लागतं. दुसऱ्याची बदनामी पुन्हा सांगणाराही ती करणाराच ठरतो, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यात आहे. प्रश्नचिन्हानेही सुटका नाही. ‘पैसे कुठे गेले?’ हा प्रश्न आहे. ‘पैसे अध्यक्षांच्याच खिशात गेले का?’ हा प्रश्नचिन्ह लावलेला आरोप आहे.

अपवाद आहेत. न्यायालयाच्या उघड कामकाजाचं किंवा विधिमंडळातल्या भाषणाचं प्रामाणिक, तंतोतंत वृत्त देण्याला बहुतेक ठिकाणी संरक्षण मिळतं. ‘कथित’ हा शब्द तिथे शोभतो, कारण तिथे खरोखरच आरोप अधिकृतपणे केला गेला आहे आणि तुम्ही त्याची नोंद घेत आहात.

माझ्याकडे कागद होते. कागदावर विसंबून लिहिलं तर दोष माझा कसा?

याचं उत्तर मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातच आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कोल्हापूरचे तरुण महाराज आणि त्यांचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयीच्या बातम्यांनी लोक अस्वस्थ होते. बर्वे यांच्या नावावर खपवलेली काही पत्रं या वृत्तपत्रांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे महाराजांविरुद्ध कारस्थान चालल्याचे आरोप छापले गेले. खटला उभा राहिला तेव्हा पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले.

त्यांच्या हेतूबद्दल कुणाला शंका घेता येणार नाही. तळमळ खरी होती, कागद खोटे होते. म्हणून कागद हाती आला की त्यात काय लिहिलंय याच्या आधी तो कुठून आला, कुणी दिला, मूळ प्रत कुठे आहे, अक्षर आणि सही कुणी ओळखू शकेल का, हे विचारा. ज्याने कागद दिला तो न्यायालयात उभा राहील का, हेही त्याच दिवशी विचारा.

लिहिलेलं खरं असेल तर मी सुटलो, हो ना?

बहुतेक ठिकाणी सत्य हा सर्वांत भक्कम बचाव आहे. पण त्यात तीन खाचखळगे आहेत.

पहिला, सिद्ध कुणी करायचं? अमेरिकेत सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर प्रसारमाध्यमाने छापलेलं विधान खोटं आहे हे तक्रारदाराने दाखवायचं असतं. इंग्लंडमध्ये आणि भारतात ते खरं आहे हे लिहिणाऱ्याने दाखवायचं असतं. अमेरिकी इतिहासकार डेबोरा लिपस्टॅट यांनी डेव्हिड अर्व्हिंग हे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार नाकारतात असं लिहिलं. अर्व्हिंगने दावा लावला तो इंग्लंडमध्ये. मग लिपस्टॅट यांच्या बाजूला इतिहासकारांची फळी उभी करून अर्व्हिंगच्या लेखनाचे मूळ आधार एकेक करून तपासावे लागले. एप्रिल २००० मध्ये निकाल लिपस्टॅट यांच्या बाजूने लागला. खऱ्याला खरं ठरवायला काही वर्षं गेली.

दुसरा, काही फौजदारी कायद्यांत नुसतं सत्य पुरत नाही. भारतात दिवाणी दाव्यात सत्य पुरेसं आहे, पण फौजदारी प्रकरणात सत्याच्या जोडीला ते प्रसिद्ध करण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं.

तिसरा खळगा लोक सर्वांत उशिरा पाहतात: तुम्हाला माहीत असणं वेगळं आणि तुम्हाला सिद्ध करता येणं वेगळं. करसनदास मुळजींचं प्रकरण आठवा. त्यांनी १८६० मध्ये ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, अनाचारावर लिहिलं आणि जदुनाथजी महाराजांनी मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयात ५०,००० रुपयांचा दावा ठोकला. समाजाचा बहिष्कार आणि धाकदपटशा सोसूनही साक्षीदार पुढे आले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने गेला. ते साक्षीदार घरी बसले असते, तर तोच मजकूर, तेच सत्य, आणि निकाल कदाचित उलटा.

पण ते माझं मत होतं!

मताला संरक्षण आहे, पण मत हे मतासारखं दिसलं पाहिजे आणि ते कशावर उभं आहे ते वाचकाला कळलं पाहिजे. ‘तीन वर्षांत एकही बैठक झाली नाही, हिशोब कुणाला दाखवला नाही, ही मंडळी संस्था चालवायला नालायक आहेत’ हे मत झालं. वाचक तुमचे आधार पाहून सहमत होईल किंवा होणार नाही. ‘ही मंडळी पैसे खातात’ हे मत नाही, कितीही वेळा ‘माझ्या मते’ म्हटलं तरी.

सीमारेषा किती नाजूक असते, ते विज्ञानलेखक सायमन सिंग यांच्या प्रकरणात दिसलं. मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्यांची एक संघटना पुराव्याशिवाय उपचारांचा प्रचार करते, असं त्यांनी २००८ मध्ये लिहिलं आणि ‘भंपक’ या अर्थाचा एक शब्द वापरला. आधी न्यायाधीशांनी ते तथ्याचं विधान मानलं. म्हणजे संघटना जाणूनबुजून लबाडी करते हे सिंग यांनी सिद्ध करायचं. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो पुराव्यांविषयीचा अभिप्राय ठरवला, आणि संघटनेने दावा सोडून दिला. दोन वर्षं जवळजवळ एका शब्दावर गेली.

माझ्या पहिल्या नोटिशीतही एकच शब्द होता. एका संस्थेने लागोपाठ तीन वर्षं सभासदांना हिशोब सादर केला नव्हता, आणि ते माझ्याकडे कागदोपत्री होतं. मी लिहिलं ‘अफरातफर’. लिहिताना तो शब्द मला चपखल वाटला होता. नोटीस आल्यावर फाईल उघडून मी रात्रभर शोधलं. पैसे कुणी घेतल्याचा एकही कागद तिच्यात नव्हता. हिशोब न देणं आणि पैसे लाटणं यांच्यामधली जागा मी संशयाने भरली होती. आजही कुणाचा मजकूर तपासताना मी आधी विशेषणं आणि आरोपवाचक नामं अधोरेखित करतो आणि प्रत्येकासमोर समासात लिहितो: कागद कोणता?

चूक झाली, पण वाईट हेतू नव्हता. आणि विषय लोकहिताचा होता.

इथे देशादेशांत मोठा फरक आहे. १९६० मध्ये अमेरिकेत नागरी हक्क चळवळीच्या समर्थकांनी वृत्तपत्रात पानभर जाहिरात दिली. तिच्यात काही बारीकसारीक चुका होत्या. नाव न घेतलेल्या एका शहर आयुक्तांनी, सलिव्हन यांनी, दावा लावला आणि ज्यूरीने त्यांना पाच लाख डॉलर देऊ केले. १९६४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सांगितलं की सार्वजनिक अधिकाऱ्याला भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा आहे हे माहीत असताना किंवा खऱ्याखोट्याची बेपर्वाई करून छापला, हे त्याने दाखवलं पाहिजे.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाच्या प्रकरणात सरकारी अधिकाऱ्यांच्या अधिकृत कर्तव्यांबाबत याच्या जवळ जाणारी भूमिका घेतली. इंग्लंडमध्ये लोकहिताचा मजकूर प्रसिद्ध करणं योग्य आहे असा वाजवी विश्वास लेखकाला होता का, हे पाहतात. कॅनडाने २००९ पासून जबाबदारीने केलेल्या प्रसिद्धीचा बचाव मान्य केला आहे.

या सगळ्यांमागून एकच साधा प्रश्न येतो: छापण्याआधी तुम्ही काय केलंत? ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारलंत का? उत्तर द्यायला पुरेसा वेळ दिलात का? दिलेलं उत्तर छापलंत का? शुक्रवारी रात्री संदेश पाठवून शनिवारी सकाळी ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असं लिहिणं हे विचारणं नव्हे.

मजकूर लगेच काढून टाकू का?

गुपचूप नको. आधी प्रत जपा, मग वकिलाशी बोला, मग ठरवा. विधान खोटं आहे अशी तुमची स्वतःची खात्री झाली असेल तर ते राहू देण्यात अर्थ नाही. प्रत्येक दिवसागणिक हानी वाढते. शंका असेल तर तपास होईपर्यंत तात्पुरतं मागे घेता येतं, तेही हक्क राखून, तसं लिहून. पण मजकूर खरा असताना केवळ घाबरून काढलात, तर समोरच्याला हवं ते फुकट मिळालं, आणि वाचकाला वाटतं तुम्ही खोटं लिहिलं होतं.

माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला, असं होईल का?

शब्दांवर आणि देशावर अवलंबून आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २००९ मध्ये कायदाच केला की माफीचा अर्थ दोषाची कबुली असा घेता येणार नाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने चूक मान्य करून दुरुस्ती, माफी आणि योग्य रक्कम देऊ करण्याची रीतसर वाट आखून दिली. जिथे अशी सोय नाही तिथेही वेळेवर केलेली दुरुस्ती भरपाई कमी करायला उपयोगी पडते. मसुदा मात्र वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या, आणि ही दुरुस्ती छापल्यावर वाद संपेल का, हे आधी लेखी ठरवून घ्या.

मसुदा कसा असावा? ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ हे वाक्य कृपा करून वापरू नका. ते तक्रारदाराला चिडवतं आणि वाचकाला काहीच सांगत नाही. आम्ही छापलं ते असं: ‘मागील अंकात संस्थेच्या कारभाराबाबत अफरातफर हा शब्द वापरला होता. त्या आरोपाला आमच्याकडे आधार नाही. तो शब्द आम्ही मागे घेतो आणि संबंधितांची माफी मागतो. तीन वर्षांचे हिशोब सभासदांपुढे मांडलेले नाहीत, ही माहिती खरी आहे.’ लेख ज्या पानावर होता त्याच पानावर, डोळ्याला दिसेल अशा अक्षरात. शेवटचं वाक्य ठेवण्यासाठी आमच्या वकिलाने तीन पत्रं लिहिली. वाद तिथेच मिटला. वाचकांची पत्रं आली, त्यातली बहुतेक चांगली होती.

उत्तर किती लांब असावं?

एक ते दीड पान. कोणते शब्द तुम्ही छापले, त्यांचा तुमच्या मते अर्थ काय, कशाच्या आधारावर लिहिलं हे थोडक्यात, आणि काय करायला तयार आहात किंवा नाही. हातातले सगळे कागद पहिल्याच पत्रात उघड करायची गरज नाही. टोमणे नकोत. हे पत्र पुढे एखादा न्यायाधीश वाचणार आहे असं समजून लिहा.

मला तुरुंगात जावं लागेल का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये बदनामीचा फौजदारी गुन्हा २०१० पासून राहिलेला नाही. पुष्कळ देशांत तो आहे. भारतात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. हा गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे. म्हणजे नुसत्या तक्रारीवर पोलीस दारात येऊन वॉरंटशिवाय उचलून नेत नाहीत. फिर्याद दंडाधिकाऱ्यांपुढे होते, आणि नव्या प्रक्रियेत दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हा गुन्हा घटनाबाह्य ठरवावा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये फेटाळली.

मला हे मनापासून चुकीचं वाटतं. प्रतिष्ठेची भरपाई दिवाणी न्यायालयात मागता येते; लिहिलेल्या शब्दासाठी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. पण आज कायदा असा आहे, तेव्हा समन्स आलं तर तारीख चुकवू नका.

किती काळाने दावा लावता येतो?

इंग्लंडमध्ये साधारण एक वर्ष. भारतात दिवाणी दाव्याला एक वर्ष, फौजदारी फिर्यादीला तीन वर्षं. पुनःप्रकाशनापासून सावध राहा. १८४९ मध्ये ब्रुन्सविकच्या ड्यूकने आपल्या माणसाकरवी सतरा वर्षं जुना अंक विकत आणवला आणि ती नवी प्रसिद्धी धरून दावा जिंकला. इंग्लंडने हा नियम २०१३ मध्ये बदलला, पण जुना लेख पुस्तकात घेताना तो पुन्हा तपासायलाच हवा.

न्यायालय मजकुरावर आधीच बंदी घालू शकतं का?

घालू शकतं, पण हात आखडता घेऊन. लेखक आपलं विधान खरं ठरवायला तयार असेल तर सुनावणीआधी त्याचं तोंड बंद करू नये, हे इंग्लंडमधल्या न्यायालयाने १८९१ मध्येच सांगितलं. मार्च २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात एका लेखावरचा अंतरिम मनाई हुकूम रद्द केला आणि असे हुकूम पुरेशी कारणं न देता देऊ नयेत असं बजावलं. तुम्हाला न ऐकता हुकूम निघाला असेल तर तो पाळा आणि त्याच आठवड्यात तो उठवण्यासाठी अर्ज करा. हुकूम मोडणं हा वेगळाच गुन्हा होतो.

मी इथे छापलं, नोटीस परदेशातून आली.

येऊ शकते. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने गटनिक प्रकरणात ठरवलं की संगणकजालावरचा मजकूर जिथे वाचला जातो तिथे तो प्रसिद्ध झाला. सर्व्हर अमेरिकेत होता, दावा ऑस्ट्रेलियात चालला. तिकडचा निकाल तुमच्या देशात वसूल होईल का, हा निराळा प्रश्न. अमेरिकेने २०१० मध्ये कायदा करून भाषणस्वातंत्र्याच्या तिथल्या कसोटीला न उतरणारे परकीय निकाल बजावायचं नाकारलं आहे.

दिवंगत व्यक्तीबद्दल लिहिलं असेल तर?

इंग्लंडमध्ये मृत व्यक्तीची अब्रुनुकसानी होत नाही. भारतीय फौजदारी कायद्यात होऊ शकते, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर. आणि सरकारी संस्था? इंग्लंडमध्ये १९९३ पासून निवडून आलेल्या प्रशासकीय संस्थेला संस्था म्हणून दावा लावता येत नाही. त्यातल्या व्यक्तीला येतो.

हा दावा जिंकण्यासाठी नाहीच, मला गप्प करण्यासाठी आहे. असं असलं तर?

असे दावे असतात, आणि ते लेखकाला पैशाने, वेळेने, झोपेने पोखरतात. माल्टाच्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गालित्सिया यांची ऑक्टोबर २०१७ मध्ये बॉम्बस्फोटात हत्या झाली तेव्हा त्यांच्यावर चाळीसहून अधिक बदनामीचे दावे पडून होते. त्यांच्या मृत्यूनंतरही त्यातले अनेक दावे मागे न घेता वारसांवर चालवण्यात आले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये असे दावे लवकर फेटाळण्याचा जो कायदा केला, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कॅलिफोर्नियात १९९२ पासून आणि ऑन्टारिओत २०१५ पासून अशी तरतूद आहे.

तुमच्या देशात ती नसेल तरी खुणा नोंदवून ठेवा: एकाच मजकुरावर दूरदूरच्या न्यायालयांत तक्रारी, प्रकाशनाला सोडून एकट्या लेखकावर दावा, अवाच्या सवा रक्कम, चूक कोणती ते न सांगता मजकूर काढण्याचा हट्ट. आणि हे एकट्याने सोसू नका. संपादक, सहलेखक, पत्रकारांची संघटना यांना पहिल्या आठवड्यातच सांगा.

वकील परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण, विद्यापीठाचं कायदा केंद्र, पत्रकार संघटना, सगळीकडे विचारा. हेलन स्टील आणि डेव्हिड मॉरिस या दोन सामान्य कार्यकर्त्यांनी मॅकडोनाल्ड्सच्या दाव्याला बरीच वर्षं मुख्यतः स्वतःच तोंड दिलं. सुनावणी ३१३ दिवस चालली. काही मुद्दे त्यांनी खरे ठरवले, काहींवर ते हरले. पुढे २००५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की त्यांना कायदेशीर मदत नाकारल्याने खटला न्याय्य राहिला नाही. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. निदान पहिलं उत्तर तरी वकिलाकडून तपासून घ्या. सगळ्या खर्चात तोच खर्च सर्वांत सत्कारणी लागतो.

माहिती देणाऱ्याचं नाव सांगावं लागेल का?

शब्द दिला असेल तर तो पाळा, आणि नाव न सांगता विधान कसं सिद्ध करता येईल याचा विचार छापण्याआधीच करा. काही देशांत संरक्षण आहे, काहींत न्यायालय नाव मागू शकतं. ज्या सूत्राशिवाय तुमच्या हाती दुसरा काहीच आधार नाही, त्याच्या जिवावर कुणाचं नाव घेऊन आरोप छापू नये, हे माझं ठाम मत आहे.

प्रकरण चालू असताना त्याच विषयावर पुढे लिहू का?

मनाई हुकूम नसेल तर लिहिता येतं, पण तक्रारदाराला चिडवण्यासाठी एक ओळही नको. ती द्वेषाचा पुरावा म्हणून दाखवली जाते. नवा कागद मिळाला असेल, नवी साक्ष असेल, तर लिहा.

माझ्या दुसऱ्या नोटिशीत आमच्याकडे तपासणी अहवालाची प्रत होती, आधी पाठवलेले अकरा प्रश्न होते आणि ते मिळाल्याची पोचपावती होती. आम्ही सव्वा पानाचं उत्तर दिलं: प्रत्येक वाक्याला आधार आहे, एकही शब्द मागे घेत नाही, आपलं म्हणणं पाठवल्यास पूर्ण छापू. पुढे पत्र आलं नाही, दावाही आला नाही. वर्षभर दर महिन्याला मी ती फाईल कपाटातून काढून कागद जागेवर आहेत का ते पाहत असे. तेराव्या महिन्यात लेखाचा दुसरा भाग लिहायला घेतला, आणि सुरुवात केली ती संबंधितांना नवे प्रश्न पाठवून.